आधी दुखणं, मग काटा

रेसिडेन्सीतली, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातली, एक बाई मला अजून आठवते. यावलकडची, केळीच्या बागेत मजुरीला जाणारी, चाळिशी ओलांडलेली, वजन ९२ किलो. "चार पावलं चाललं की धाप लागते, डॉक्टर," एवढीच तक्रार. मी केसपेपरवर वजन लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि सांगितलं, "वजन कमी करा, भात बंद, रोज चाला." ती तीनदा आली आणि तीनदा तेच ऐकून गेली. चौथ्या वेळी एका इंटर्नने तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. हिमोग्लोबिन ५.४ निघालं. गर्भाशयात गाठ होती, दोन वर्षं पाळीत अतोनात रक्त जात होतं आणि आमच्यापैकी एकानेही तिला पाळीबद्दल विचारलं नव्हतं. एवढ्या धडधाकट बाईचं रक्त कसं कमी असेल, असं तोंडाने कुणी म्हणालं नाही. मनात मात्र सगळ्यांच्या तेच होतं.

आपल्याकडे 'खात्यापित्या घरची' हे कौतुक आहे. सोयरीक जमवताना म्हणतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीकडे बघून म्हणतात. तीच लेक ओपीडीत आली की त्याच अंगावरून बोलणी खाते. कौतुक काय आणि बोलणी काय, दोन्हींच्या मुळाशी समज एकच: अंगावर मांस आहे म्हणजे पोटाला भरपूर आहे, आणि जे दुखतंय ते त्या मांसामुळेच.

मोठ्या अंगाच्या पेशंटशी दवाखान्यात कसं वागावं, यावरचा हा लेख इंटर्न, रेसिडेंट, गावोगावचे फॅमिली डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. शेवटचा भाग पेशंटसाठी आहे. घाई असेल तर त्यांनी थेट तिथे जावं. आपल्या खान्देशात धुळ्याचं शासकीय मेडिकल कॉलेज जुनं. जळगावचं २०१८ ला सुरू झालं, नंदुरबारचं २०२० ला. खासगी कॉलेजं वेगळीच. म्हणजे डॉक्टर व्हायला आता आपल्या पोरांना पुण्या-मुंबईला जावंच लागतं असं नाही, ती इथेच घडतात. मग ती काय बोलायला शिकतात, हेही इथेच ठरतं.

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न का नाही

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिल्या वर्षाचे ४,७०० हून अधिक मेडिकल विद्यार्थी होते. त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या मनात जाड माणसांविषयी नकळत आकस दिसला. दोन तृतीयांश जणांनी तर तो उघड मान्य केला. ही पोरं अजून शिक्षणाच्या दारातच उभी होती. आकस घरून येतो, कॉलेज त्यावर शिक्का मारतं.

टोमण्याने माणूस सुधारतो, हा आपला लाडका समज. २०१३ साली आलेल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढच्या ६,००० हून अधिक अमेरिकन लोकांचा चार वर्षं मागोवा घेतला होता. वजनावरून भेदभाव सोसल्याचं सांगणाऱ्यांमध्ये पुढे लठ्ठपणा येण्याचं प्रमाण इतरांच्या अडीच पट होतं. शरम वाटली की माणूस दवाखाना टाळतो, चालायला बाहेर पडायचं टाळतो आणि घरात एकटा बसून खातो. यात नवल काहीच नाही.

आणि 'मनावर घेतलं की होतं' हेही अर्धंच खरं. वजन उतरलं की लेप्टिन हे तृप्तीचं संप्रेरक घटतं, घ्रेलिन हे भुकेचं वाढतं, आणि वर्ष उलटलं तरी दोन्ही पूर्ववत होत नाहीत. शरीराला तो दुष्काळ वाटतो. तापीकाठच्या माणसाला दुष्काळात जपून खर्च करणं शिकवावं लागत नाही, तसंच शरीराचं आहे.

पायरी १: पेशंट येण्याआधी खोली बघा

वेटिंगमध्ये सगळ्या खुर्च्या हाताच्या आणि प्लॅस्टिकच्या असतील तर मोठ्या अंगाचा माणूस दोन तास उभा राहतो आणि वर हसून सांगतो, "बसून बसून कंटाळलो." एक लाकडी बाक पुरतो. तपासणीचं टेबल भिंतीला घट्ट लावा, पुढ्यात रुंद, न डगमगणारी पायरी ठेवा. स्प्रिंगचा काटा बहुधा १२० किंवा १३० किलोपर्यंतच असतो. काटा शेवटच्या रेघेला जाऊन अडकतो तेव्हा त्या माणसावर काय गुजरत असेल, ते त्याच्या जागी उभं राहून पाहा. २०० किलोपर्यंतचा डिजिटल काटा आता सहज मिळतो.

पण या पायरीत सगळ्यात मोठी गोष्ट बीपीच्या कफची, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याची. त्यावर जरा थांबतो, कारण खान्देशातल्या दहा दवाखान्यांत गेलात तर नऊ ठिकाणी एकच कफ सापडेल, तोही वेल्क्रो सुटलेला.

खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. नेहमीचा मोठ्यांचा कफ साधारण २७ ते ३४ सेंटीमीटर घेरासाठी असतो. ३५ ते ४४ ला लार्ज लागतो, त्यापुढे एक्स्ट्रा लार्ज. कफच्या आतला रबरी फुगा दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब हवा. लहान कफ मोठ्या दंडावर आवळला की बीपी खोटंच जास्त येतं. २०२३ साली हे नीट मोजलं गेलं: एक्स्ट्रा लार्जची गरज असलेल्यांवर नेहमीचा कफ लावला तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० ने जास्त आला.

आता हिशोब करा. बाईचं खरं बीपी १२८, आपण लिहिलं १४८. "वजनामुळे बीपी वाढलंय" असं सुनावून गोळी सुरू केली. मे महिन्यात, भुसावळचा पारा ४५ ला टेकलेला असताना, ती गोळी घेऊन शेतात गेली आणि चक्कर येऊन पडली. दोष कोणाचा? लार्ज कफ एका चांगल्या स्टेथोस्कोपपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. तो नसेल तर निदान केसपेपरवर 'कफ लहान' एवढं तरी लिहा, म्हणजे पुढचा डॉक्टर त्या आकड्यावर डोळे मिटून गोळी वाढवणार नाही.

पायरी २: काट्यावर कसं चढवायचं

वजनकाटा दाराशी, रांगेच्या तोंडाशी ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. सिस्टर दुरून ओरडतात, "ब्याण्णव!" आणि टेबलावरची दुसरी सिस्टर ते लिहून घेते. मधल्या तीस माणसांना तो आकडा कळतो. त्यांत त्या बाईची जाऊ असते, व्याही असतो, गावातला दुकानदार असतो. काटा पडद्यामागे न्या. आकडा उच्चारू नका, लिहा. पेशंटने विचारलं तर हळूच सांगा. कुणाला आकडा बघायचाच नसेल तर पाठ करून उभं राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

आणि दर वेळी वजन कशाला? जिथे लागतं तिथे हवंच: गरोदरपणाच्या प्रत्येक भेटीत, लहान मुलांच्या डोसला, हार्ट फेल्युअर किंवा सूज असताना, भुलीआधी. टीबीच्या गोळ्या तर वजनाच्या गटावर ठरतात, २५ ते ३४, ३५ ते ४९, ५० ते ६४, ६५ ते ७५ आणि ७५ च्या वर. पण डोळे आलेल्या माणसाला काट्यावर चढवून मिळणार काय? कारण असेल तेव्हा ते सांगा: "मावशी, औषधाचा डोस वजनावर आहे म्हणून वजन घेतोय." या एका वाक्याने खांद्यावरचा ताण उतरताना दिसतो.

पायरी ३: पहिला प्रश्न दुखण्याचा

"काय तरास शे, माय?" इथून सुरुवात करा. पूर्वेला रावेर-यावलकडे लेवा बोली, धुळ्या-शिरपूरकडे अहिराणी, अक्कलकुव्यापलीकडे पावरी आणि भिली. आपल्याला सगळ्या येत नाहीत, पण पहिलं वाक्य पेशंटच्या बोलीत आलं तर पुढचं बोलणं मोकळं होतं. मग दोन मिनिटं मध्ये बोलू नका.

अमळनेरकडच्या एका आजीने मला एकदा चांगलंच सुनावलं होतं: "वजन ऱ्हाऊ द्या डाक्तर, मन्हा गुडघा दुखस तो दखा आधी." ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. ती मी पुस्तकात वाचली नाही, आजीकडून शिकलो.

पायरी ४: मनातल्या मनात एक प्रश्न

तपासणी सांगण्याआधी स्वतःला विचारा: हेच दुखणं घेऊन ५५ किलोची बाई आली असती तर मी काय केलं असतं?

धाप लागते? ५५ किलोची असती तर हिमोग्लोबिन, ईसीजी, छातीचा फोटो, पायावरची सूज, पाळीचा इतिहास. मग ९२ किलोलाही तेच. गुडघा दुखतो? तर गुडघा हाताने तपासा, कुलूप लागतं का (मध्येच अडकतो का), रात्री दुखतो का, सकाळी किती वेळ आखडतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम कोणत्याही वजनाला उपयोगी पडतात. 'आधी दहा किलो कमी करून या' म्हणून ते रोखून धरण्याला काही आधार नाही. पाळी अनियमित आहे? सोनोग्राफीआधीच 'पीसीओडी' (अंडाशयाचा आजार) लिहून मोकळं होऊ नका, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आणि थायरॉइडही बघा. थायरॉइडच्या बाबतीत उलटही खरं: त्याने वजन वाढतं, पण सहसा दोन ते पाच किलो, तेही बरंचसं पाण्यामुळे. 'सगळं थायरॉइडमुळे' हा पेशंटचा समज आणि 'सगळं खाण्यामुळे' हा आपला, दोन्ही एकाच मापाचे.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. बारीक माणसाला वजनाचे आजार नसतात, हे आपण न तपासताच मानतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे दोन आकडे मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून दाखवतो. आपल्याकडे काटकुळा, पण पोट सुटलेला, पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी साखर तीनशेला जाईपर्यंत निदानाविना फिरत असतो, कारण तो 'जाड नाही'.

बारीक झालेल्याचं अभिनंदन करण्यात तर धोकाच आहे. सहा महिने ते वर्षभरात, न ठरवता, पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती तपासणीची बाब आहे, माणूस कितीही जाड असो. साखर, टीबी, कॅन्सर, मन खचणं. 'वा, छान उतरलं!' म्हणण्याआधी 'मुद्दाम उतरवलं का?' एवढं विचारा.

पायरी ५: वजन कसं वाढलं, ते खरंच विचारा

"कधीपासून वाढलं? तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं?" बाळंतपण, ऑपरेशन, घरातला मृत्यू, रात्रपाळी, कर्जाचं वर्ष. मग औषधं. ओलँझापिन, व्हॅलप्रोएट, अॅमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, प्रेडनिसोलोन: यांपैकी कितीतरी आपणच लिहिलेली असतात. आपण लिहायचं आणि त्याबद्दल पेशंटला रागवायचं, हा अजब न्याय.

आणि खास आपल्या भागातला प्रश्न: "गुडघ्यासाठी, दम्यासाठी कुठून पुडी आणता का?" बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या, 'शुद्ध जडीबुटी' म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत गुडघा पळायला लागतो, वर्षभरात चेहरा गोल होतो, पोटावर जांभळ्या रेषा येतात, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं पडतं, उकिडवं बसलं की उठवत नाही. अशा बाईला 'खाणं कमी करा' सांगणं म्हणजे आजार दारात उभा असताना दार लावून घेणं. पुडी एकदम बंद करायलाही सांगू नका. बाहेरून येणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक थांबलेलं असतं, अचानक तोडलं तर बीपी कोसळून जिवावर बेततं. आणि पुडीवरून रागावलात तर पुढच्या वेळी ती पुडी लपवेल.

घोरणं आणि दिवसा डुलक्या येणंही इथेच विचारा. झोपेत श्वास अडकणं बारकाईने शोधलं तर सापडतं, 'जाड माणसं घोरतातच' म्हणून सोडून दिलं तर नाही.

पायरी ६: वजनाचा विषय काढायचा असेल तर

परवानगी मागा. कॅनडाच्या २०२० च्या लठ्ठपणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिली पायरीच ही आहे. मराठीत सरळ असं: "ताई, आज वजनाबद्दल बोललं तर चालेल का? नको असेल तर पुढच्या वेळी." नको म्हणाली तर थांबा. मी हे करायला लागलो तेव्हा वाटलं होतं, निम्म्या बायका नको म्हणतील. घडलं उलटंच. बहुतेक जणी हो म्हणतात आणि आपणहून सांगतात, कारण त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं, फक्त सांगितलेलं असतं.

शब्दांचं बोलू. 'ढोली', 'सुटलेली', 'थुलथुलीत', 'म्हैस' हे तर नकोतच, पण 'लठ्ठ' हाही आपल्या कानाला शिवीसारखा लागतो. आजार म्हणून लिहिताना 'लठ्ठपणा' चालेल, माणसाला 'लठ्ठ' म्हणणं नाही. बोलताना 'वजन' एवढाच शब्द पुरतो. काही जणींना 'जाड' चालतं, त्या स्वतःच म्हणतात. मग त्यांच्याशी बोलताना तोच शब्द वापरा. 'नवरा काही म्हणत नाही का?' हा विनोद कुठल्याच भाषेत चालत नाही.

आकड्याला त्याच्या जागी ठेवा. बीएमआयचं मूळ सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले यांनी मांडलं. ते खगोलाचे आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक, डॉक्टर नव्हेत. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, पेशंट तपासायचा नव्हता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर १९७२ ला आलं. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीत २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला, कमरेचा घेर पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने तर सरळ सांगितलं की नुसत्या बीएमआयवर आजार ठरवू नका. चरबीमुळे एखाद्या अवयवाचं काम किंवा रोजचं चालणं-वावरणं बिघडलंय का ते बघा. म्हणजे कमरेला टेप लावा, साखर बघा, लिव्हर बघा, जिना चढता येतो का विचारा. आकडा हा त्या यादीतला एक.

पायरी ७: सल्ला त्या घरात बसेल असा

जळगाव जिल्ह्यात बसून 'केळी बंद' लिहिणारा डॉक्टर पेशंट हसत हसत ऐकून घेतात आणि विसरतात. छापील डाएट चार्टवर ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली. जिच्या हातात तो देता तिच्या घरी कळण्याची भाकरी, दादर ज्वारी, वांग्याचं भरीत, तुरीची डाळ आहे. यातलं बरंचसं उत्तमच आहे. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग, चहातली साखर आणि बिस्किटाचा पुडा यांवर बोलता येईल, आणि त्याहून जास्त 'तुम्ही जेवता कधी?' यावर. सकाळी चारला उठणारी, सगळ्यांचं झाल्यावर दुपारी तीनला उरलेलं खाणारी बाई 'कमी खा' हे ऐकून आणखी एक जेवण बुडवते.

'रोज चाला' हेही तसंच. दिवसभर कपाशीत निंदणी करून आलेल्या बाईला चालायचा सल्ला देण्याआधी तिचा दिवस विचारून घ्या. तिला चालायची नाही, विश्रांतीची आणि प्रथिनांची गरज असू शकते. दुकानावर बसणाऱ्या तिच्या दिराला चालणं सांगा.

ध्येय आकड्याचं नको, कामाचं ठेवा: कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी, पाटावर बसून पुरण वाटता यावं, सप्तशृंगीच्या पायऱ्या दोनदा थांबून चढता याव्यात. वजन पाच टक्के उतरलं तरी साखर आणि बीपीला फायदा होतो, हे जरूर सांगा. न उतरलं तरी साखर आणि बीपीवर उपचार चालूच राहतील, हेही सांगा. औषधं आणि ऑपरेशन हे पर्यायही लपवू नका. टिर्झेपटाइडची इंजेक्शनं भारतात मार्च २०२५ ला आली, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनला. खर्चाचा विचार करावा लागतो, कोणाला द्यायची याला नियम आहेत, पण 'इंजेक्शन घेणं म्हणजे कष्ट चुकवणं' असं म्हणणारे डॉक्टर इन्सुलिनला तसं म्हणत नाहीत.

पायरी ८: केसपेपरवर काय लिहिता

'पेशंट ऐकत नाही' हे वाक्य पुढच्या पाच डॉक्टरांचं मत आधीच तयार करतं. त्याऐवजी 'औषध परवडत नाही, महिन्यातून पंधरा दिवस घेते' असं लिहा, म्हणजे पुढच्याला काहीतरी करता येईल. सोनोग्राफी नीट दिसली नाही तर तसं स्पष्ट लिहा आणि दुसरी तपासणी सुचवा. न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे.

कॉलेजात

हे सगळं शिकवायचं कुठे? पहिला धडा डिसेक्शन हॉलमध्ये मिळतो. देहदात्यासमोर शपथ होते, फुलं वाहतात, आणि तासाभरात चरबीच्या थरातून नस सापडेना की टेबलावर पहिला विनोद होतो. शिकवणारा हसला की तो विनोद अभ्यासक्रमात गेला. तिथे एवढंच म्हणा, "यांनी देह दिला म्हणून तुम्हाला नस शोधायला मिळाली," आणि पुढे चला.

दुसरा धडा पाठांतराचा. पित्ताच्या खड्यांची ती प्रसिद्ध एफची यादी: फॅट, फिमेल, फॉर्टी, फर्टाइल. जोखीम खरी आहे, नाकारायचं कारण नाही. पण यादी तोंडपाठ झाली की डोळे तेवढंच शोधतात. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि रक्तपेशी सतत फुटत राहिल्या की अठरा-वीस वर्षांच्या सडपातळ पोरालाही पित्ताचे खडे होतात. नंदुरबारला शिकणाऱ्या पोराने चार एफ पाठ केले आणि तो पोटदुखीचा सडपातळ मुलगा परत पाठवला, तर यादीने दोन माणसांचं नुकसान केलं: जिच्यावर शिक्का बसला तिचं, आणि ज्याच्यावर बसला नाही त्याचं.

केस सांगताना 'बेचाळीस वर्षांची ओबीज फिमेल' अशी सुरुवात थांबवा. वय, व्यवसाय, गाव, तक्रार, कालावधी. बीएमआय आणि कमरेचा घेर सर्वसाधारण तपासणीत, नाडी आणि बीपीच्या शेजारी सांगा. माझ्या युनिटमध्ये हा एकच नियम केला आणि केस ऐकणाऱ्यांचे प्रश्नच बदलले.

२०१९ पासून एमबीबीएसला वर्तन, नीती आणि संवादाचे तास सक्तीचे आहेत. बऱ्याच ठिकाणी ते स्लाइड दाखवून संपतात. त्यांतला एक तास असा करा: विद्यार्थ्यांनी जोड्या करून एकमेकांचं वजन सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. कुणीच तयार होणार नाही. सक्ती करू नका, तास तिथेच सुरू झाला. आणि वर्गातल्या मोठ्या अंगाच्या मुलामुलींना उदाहरण म्हणून उभं करू नका. ते हे सगळं शाळेपासून ऐकत आलेत.

राउंडला सर विनोद करतात तेव्हा इंटर्नने काय करावं? सरांना चारचौघांत टोकणं आपल्याकडे परवडत नाही, आणि मी ते करायला सांगणार नाही. हसू नका, एवढं जमतं. मग पेशंटकडे बघून म्हणा, "सर, यांची पोटदुखी रात्री वाढते, एकदा बघता का?" विषय पोटावर येतो. नंतर त्या कॉटजवळ परत जा आणि दोन मिनिटं बोला.

पेशंटसाठी

घरून निघताना तक्रार कागदावर लिहा: काय दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं. चालू असलेली सगळी औषधं, पुडीसकट, पिशवीत घ्या. आत गेल्यावर कागद पुढे करा आणि म्हणा, "आज मी यासाठी आले आहे."

डॉक्टर वजनावर घसरले तर चिडून उपयोग नाही, एक प्रश्न विचारा: "हाच त्रास बारीक माणसाला असता तर तुम्ही कोणती तपासणी सांगितली असती?" आवाज साधा ठेवा. बहुतेक डॉक्टर क्षणभर थांबतात, आणि तो क्षण तुमच्या कामाचा असतो. तपासणी नको म्हणाले तर "नको हे केसपेपरवर लिहून द्याल का?" असं विचारता येतं.

बीपी बघताना पट्टा दंडाला घट्ट होत असेल, सारखा सुटत असेल, तर मोठा पट्टा मागा. वजन मोठ्याने सांगू नका, असं सिस्टरना आधीच सांगा. बोलायचा संकोच असेल तर आशाताईंना किंवा मैत्रिणीला बरोबर न्या. टोमणे मारणाऱ्या सासूला नको. आतून तपासणी असेल तेव्हा बाई हजर असणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती भिंतीवर शोधा, नसेल तर विचारा. सरकारी दवाखान्यात अधीक्षकांकडे लेखी तक्रार देता येते. पेशंटचं नाव, तारीख, ओपीडी नंबर आणि नेमकं काय बोललं गेलं तेवढं लिहा.

गर्भाशयमुखाची तपासणी, स्तनांची तपासणी लाजेपोटी पुढे ढकलू नका. एका ठिकाणी अपमान झाला असेल तर दुसरीकडे जा, पण जा.

आणि डॉक्टरांनो, तुमच्याकडून चुकलंच तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. माझ्या तोंडूनही अजून कधी कधी निसटतं. तेव्हा मी पेन खाली ठेवतो आणि म्हणतो, "मावशी, हे मी बरोबर बोललो नाही. गुडघ्याचं सांगत होतात, तिथून पुन्हा सांगा."